प्रवाळ मत्स्यालयातील एलईडी प्रकाशयोजना

प्रवाळ मत्स्यालयातील एलईडी प्रकाशयोजना म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील जिवंत प्रवाळांना प्रकाशसंश्लेषणासाठी लागणारा प्रकाश प्रकाश-उत्सर्जक डायोडांच्या (एलईडी) साहाय्याने पुरविण्याची व्यवस्था होय. केवळ मासे असलेल्या टाकीत दिवा मुख्यतः पाहणाऱ्याच्या सोयीसाठी असतो; प्रवाळांच्या टाकीत मात्र तो अन्नपुरवठ्याचा भाग असतो. त्यामुळे दिव्याची निवड चुकल्यास प्रवाळ उपासमारीने क्षीण होतात किंवा अतिप्रकाशाने पांढरे पडतात. साधारण ४०० लिटर आणि त्याहून मोठ्या टाकीत प्रकाशयोजनेचा खर्च एकूण खर्चाचा मोठा हिस्सा असतो, म्हणून कमी खर्चात पुरेसा प्रकाश मिळविणे हा या छंदातील नित्याचा प्रश्न आहे. भारतात या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे, कारण प्रवाळांचे अनेक गट वन्यजीव कायद्यान्वये संरक्षित आहेत.

## प्रवाळ आणि प्रकाश

प्रवाळ हा प्राणी आहे; परंतु उथळ उष्णकटिबंधीय समुद्रातील बहुतेक प्रवाळांच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाचे एकपेशीय सहजीवी शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेल्या कर्बोदकांचा मोठा भाग यजमान प्रवाळाला देते आणि त्या बदल्यात प्रवाळाच्या शरीरातील नायट्रोजन व फॉस्फरसयुक्त टाकाऊ द्रव्ये वापरते. कठीण प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा वाढण्याचा वेगही या सहजीवनावर अवलंबून असतो.

समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते आणि निळा प्रकाश खोलवर जाऊ देते. त्यामुळे प्रवाळ ज्या खोलीवर वाढतात तेथे निळ्या प्रकाशाचे प्राबल्य असते. झूझँथेलीतील क्लोरोफिल-ए, क्लोरोफिल-सी२ आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्ये ४०० ते ५०० नॅनोमीटर या पट्ट्यात प्रभावीपणे प्रकाश शोषतात. प्रवाळ मत्स्यालयांतील दिवे निळसर दिसण्यामागे हेच कारण आहे. अनेक प्रवाळांत प्रतिदीप्त प्रथिनेही असतात. ती निळा प्रकाश शोषून हिरवा, नारिंगी किंवा तांबडा प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून निळ्या प्रकाशात प्रवाळ चमकताना दिसतात. ही चमक म्हणजे प्रवाळाला पुरेसा प्रकाश मिळत असल्याचा पुरावा मात्र नव्हे.

## प्रकाशस्रोतांतील बदल

घरगुती प्रवाळ मत्स्यालयांत पूर्वी धातू-हॅलाइड दिवे आणि टी-५ प्रतिदीप्त नळ्या वापरल्या जात. धातू-हॅलाइड दिव्याचा प्रकाश तीव्र असून पाण्यात लहरींची झिळमिळ निर्माण करतो. परंतु तो खूप वीज घेतो आणि पाणी तापवितो. टी-५ नळ्यांचा प्रकाश सर्वत्र सारखा पसरतो, त्यामुळे सावल्या कमी पडतात. परंतु नळ्यांचा प्रकाश क्षीण होत जात असल्याने त्या साधारण वर्षभरात बदलाव्या लागतात.

एलईडीचा वापर शक्य होण्यासाठी कार्यक्षम निळा डायोड आवश्यक होता. तो विकसित केल्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रवाळांना हवा असलेला निळा प्रकाश डायोडातून थेट मिळतो, त्यासाठी पांढरा प्रकाश गाळावा लागत नाही. कमी वीज, दीर्घ आयुष्य आणि तीव्रता कमीजास्त करण्याची सोय या गुणांमुळे एलईडी हा आता प्रमुख पर्याय बनला आहे.

## कायदेशीर बाबी

दिव्याची आवश्यक क्षमता कोणते प्रवाळ ठेवायचे यावर ठरते, आणि भारतात ही निवड कायद्याने मर्यादित केली आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळ (स्क्लेरॅक्टिनिया), काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. त्यामुळे भारतीय समुद्रातून हे जीव गोळा करणे किंवा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. जिवंत प्रवाळ वसलेला खडक समुद्रातून उचलून आणणेही त्यात मोडते.

कठीण प्रवाळ वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या (साइट्स) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तिने या करारातील प्रजातींच्या ताब्याचे व व्यापाराचे नियमन भारतीय कायद्यात आणले. २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत परदेशी प्राणिप्रजाती बाळगणाऱ्यांनी ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी करणे आवश्यक आहे. विक्रेत्याने ‘कागदपत्रे आहेत’ असे तोंडी सांगणे पुरेसे नसते. प्रजातीचे नाव, आयातीचा परवाना आणि खरेदीची पावती यांचा मेळ बसावा लागतो.

छत्रीसारखे सार्कोफायटॉन, झोअँथिड आणि ‘मश्रूम’ नावाने ओळखले जाणारे डिस्कोसोमा हे गट कठीण प्रवाळांत मोडत नाहीत आणि साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टातही नाहीत. तरी त्यांच्या आयातीस सामान्य आयात व विलगीकरणाचे नियम लागू होतात. हेच गट मध्यम किंवा मंद प्रकाशात वाढतात. परिणामी कायद्याच्या दृष्टीने कमी गुंतागुंतीची निवड बहुधा प्रकाशाच्या दृष्टीनेही कमी खर्चाची ठरते.

## निवडीचे निकष

### तीव्रता

वनस्पती व शैवाल वापरू शकतात अशा ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला प्रकाशसंश्लेषणोपयोगी प्रारण म्हणतात. छंदिकांमध्ये ते ‘पार’ या संक्षेपाने ओळखले जाते. त्याचे एकक ‘मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद’ आहे. उष्णकटिबंधात भर दुपारी मोकळ्या आकाशाखाली हे मूल्य सुमारे २,००० असते. मत्स्यालयात प्रवाळाच्या जागी मोजलेली पुढील मूल्ये व्यवहारात योग्य मानली जातात.

| प्रवाळांचा गट | साधारण पार मूल्य |
|---|---|
| मश्रूम प्रवाळ | ५० ते १०० |
| झोअँथिड व इतर मृदू प्रवाळ | ७५ ते १५० |
| मोठ्या पॉलिपचे कठीण प्रवाळ | ७५ ते १५० |
| छोट्या पॉलिपचे कठीण प्रवाळ | २०० ते ३५० |

एका टाकीत सर्वत्र सारखे मूल्य असण्याची गरज नसते. वरच्या खडकावर अधिक आणि तळाशी कमी प्रकाश असतो, म्हणून प्रवाळ त्यांच्या गरजेनुसार उंचीवर मांडले जातात.

पार मोजण्यासाठी क्वांटम मापक वापरतात. ते महाग असल्याने अनेक छंदिक मिळून एक मापक वापरणे किंवा भाड्याने घेणे सोयीचे ठरते. भ्रमणध्वनीतील लक्समापक त्याची जागा घेऊ शकत नाही. लक्स हे एकक मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर आधारलेले असून डोळा निळ्या प्रकाशाला कमी प्रतिसाद देतो. सूर्यप्रकाशात सुमारे ५४ लक्स म्हणजे एक एकक पार असे गणित करता येते. निळ्या एलईडीसाठी ते लागू पडत नाही आणि प्रत्यक्षापेक्षा खूपच कमी पार असल्याचा भास होतो. त्यामुळे दिवा वाढवत नेल्यास प्रवाळ भाजण्याचा धोका असतो.

### वर्णपट

स्वस्त दिव्यातही ४४५ ते ४५५ नॅनोमीटरचे गडद निळे डायोड संख्येने सर्वाधिक असावेत. त्यांच्या जोडीला ४६५ ते ४७५ नॅनोमीटरचे निळे, ४०० ते ४३० नॅनोमीटरचे काही जांभळे आणि थोडे पांढरे डायोड असल्यास गरज भागते. तांबडे व हिरवे डायोड मुख्यतः दृश्य रंग संतुलित करण्यासाठी असतात. वेष्टनावर दिलेले ‘१४,०००’ किंवा ‘२०,००० केल्व्हिन’ हे आकडे प्रकाशाचा दृश्य रंग सांगतात, त्यातील तरंगलांबींचे प्रमाण सांगत नाहीत. एकाच केल्व्हिन मूल्याच्या दोन दिव्यांचे वर्णपट निराळे असू शकतात.

### व्याप्ती आणि भिंगे

टाकीला किती दिवे लागतील हे लिटरवर नव्हे, तर वरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर आणि खोलीवर अवलंबून असते. १२० × ६० सेंटिमीटर तळाची टाकी ४५ सेंटिमीटर खोल असो वा ६० सेंटिमीटर, प्रकाश पसरविण्याचे क्षेत्र तेवढेच राहते. बहुतेक आयताकृती एलईडी दिवे सुमारे ६० × ६० सेंटिमीटर क्षेत्र समाधानकारकरीत्या उजळतात.

डायोडांवरील भिंगे प्रकाशाचा कोन ठरवितात. ६० अंशांचे भिंग प्रकाश खोलवर नेते, पण मधोमध तीव्र ठिपका आणि कडेला अंधार निर्माण करते. ९० ते १२० अंशांची भिंगे प्रकाश पसरवितात. साठ सेंटिमीटरपर्यंत खोल टाकीस ती बहुधा पुरेशी असतात. दिवा पाण्यापासून वर नेल्यास मधली तीव्रता घटते आणि पसारा वाढतो. खुल्या हवेत बिंदुस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाल्यास तीव्रता चतुर्थांश होते; टाकीत भिंगांमुळे आणि काचेवरील परावर्तनामुळे घट त्याहून कमी असते.

### वॅट

‘एका लिटरला इतके वॅट’ हा नियम प्रतिदीप्त नळ्यांच्या काळातील असून एलईडीसाठी तो दिशाभूल करतो. वेष्टनावरील वॅट हे पुष्कळदा डायोडांच्या कमाल क्षमतेची बेरीज असतात. ३ वॅट क्षमतेचे ५५ डायोड असलेला दिवा ‘१६५ वॅट’चा म्हणून विकला जातो, परंतु डायोड कमी विद्युतप्रवाहावर चालविल्यामुळे तो प्रत्यक्षात साधारण १०० ते १२० वॅट वीज घेतो. हा दोष नव्हे, कारण कमी प्रवाहावर डायोड थंड राहतात व अधिक काळ टिकतात. तुलना करताना मात्र प्रत्यक्ष वॅटच धरावेत. ते प्लगमध्ये बसणाऱ्या साध्या वीजमापकाने मोजता येतात.

## कमी खर्चाचे पर्याय

ब्लॅक बॉक्स दिवे : काळ्या पत्र्याच्या पेटीत डायोड, उष्णताशोषक पट्टी, पंखे आणि चालक परिपथ बसविलेले हे दिवे प्रामुख्याने चीनमध्ये तयार होतात. निळ्या आणि पांढऱ्या डायोडांच्या दोन स्वतंत्र वाहिन्या व प्रत्येकीसाठी एक बटण अशी त्यांची साधी रचना असते. महाग दिव्यांतील भ्रमणध्वनीवरून नियंत्रण, ढगांचा किंवा वादळाचा आभास, बहुरंगी वाहिन्या या सोयी त्यांत नसतात. प्रवाळांच्या वाढीसाठी या सोयी आवश्यक नाहीत. दोन टायमर लावून निळी वाहिनी आधी सुरू व नंतर बंद केल्यास पहाट-संध्याकाळचा क्रम साधता येतो.

एलईडी पट्ट्या : यांचा प्रकाश लांबीभर पसरतो. फक्त मृदू प्रवाळ असलेल्या उथळ टाकीत त्या पुरेशा ठरतात. एरवी ब्लॅक बॉक्समुळे पडणाऱ्या सावल्या भरून काढण्यासाठी त्या पूरक म्हणून वापरल्या जातात.

सुटे भाग जोडून केलेले दिवे : ॲल्युमिनियमच्या उष्णताशोषकावर डायोड बसवून स्थिर-प्रवाह चालकाने ते चालविले जातात. विद्युत कामाचे ज्ञान असणाऱ्यास हा पर्याय परवडतो. चालकाचे व्होल्टेज आणि प्रवाह मालिकेतील डायोडांच्या संख्येशी जुळणे अत्यावश्यक असते.

साधे पूरप्रकाश दिवे : बाजारातील पांढरे किंवा निळे एलईडी फ्लडलाइट सर्वांत स्वस्त असतात, परंतु त्यांची तरंगलांबी निश्चित नसते आणि ते खाऱ्या दमट हवेसाठी बनविलेले नसतात. ते प्रवाळांऐवजी शैवाल वाढविण्याच्या जोडटाकीसाठी अधिक योग्य असतात.

जुने दिवे : नामांकित बनावटीचा वापरलेला दिवा नव्या स्वस्त दिव्याच्या किमतीत मिळू शकतो. त्यात पंखा, गंजलेली जोडणी आणि जळालेले डायोड यांची तपासणी करावी लागते.

कोणत्याही पर्यायात दुरुस्तीची शक्यता हा निकष महत्त्वाचा आहे. एलईडीचे आयुष्य सामान्यतः ५०,००० तास सांगितले जाते. रोज ९ तास वापर धरल्यास ते १५ वर्षे होते. प्रत्यक्षात त्याआधी पंखे आणि चालक निकामी होतात. हे दोन भाग बाजारात सुटे मिळत असतील तर दिवा अनेक वर्षे चालतो. सर्व भाग एकाच बंदिस्त पटलावर असतील तर एका बिघाडाने तो टाकाऊ होतो.

## उदाहरण : चार फुटी टाकी

१२० × ६० × ६० सेंटिमीटरच्या टाकीचे एकूण आकारमान ४३२ लिटर असते. तिच्यावर ६० × ६० सेंटिमीटर व्याप्तीचे दोन ब्लॅक बॉक्स दिवे लागतात. १८० सेंटिमीटर लांबीच्या टाकीस तीन लागतात. दोन दिवे मिळून प्रत्यक्षात सुमारे २२० वॅट घेतात असे धरल्यास, रोज ९ तास पूर्ण क्षमतेने वापर केल्यावर दिवसाला सुमारे २ युनिट आणि महिन्याला सुमारे ६० युनिट वीज लागते. त्याच टाकीवर २५० वॅटचे दोन धातू-हॅलाइड दिवे लावल्यास चोकमधील व्ययासह सुमारे ५६० वॅट, म्हणजे महिन्याला सुमारे १५० युनिट लागतात. दोहोंतील फरक वर्षाला एक हजार युनिटांहून अधिक होतो. मृदू प्रवाळांच्या टाकीत दिवे निम्म्या क्षमतेवर चालविले जात असल्याने प्रत्यक्ष वापर आणखी कमी असतो.

महावितरणचे घरगुती दर वापराच्या टप्प्यांनुसार (१०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे) वाढत जातात. मत्स्यालयाची वीज घरातील इतर वापराच्या वर पडत असल्यामुळे तिचा हिशेब सरासरी दराने नव्हे, तर त्या घराला लागू होणाऱ्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने करावा लागतो. यामुळे स्वस्त पण अकार्यक्षम दिवा काही वर्षांत महाग पडू शकतो.

## पुण्यातील पेठांमधील परिस्थिती

सदाशिवराव भाऊंच्या नावाने ओळखली जाणारी सदाशिव पेठ ही पुण्याच्या जुन्या, दाट वस्तीच्या पेठांपैकी एक आहे. तेथे लाकडी तुळयांचे वाडे आणि वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती शेजारी शेजारी आढळतात. अशा घरांत मोठ्या टाकीची प्रकाशयोजना करताना पुढील बाबी विचारात घ्याव्या लागतात.

* वजन : वर उल्लेखिलेली चार फुटी टाकी पाणी, काच, खडक व वाळू मिळून सुमारे ६०० किलोग्रॅम भरते. हा भार पाऊण चौरस मीटरहून कमी जागेवर येतो. भारतीय मानकांनुसार निवासी खोलीची जमीन सामान्यतः प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलोग्रॅम भारासाठी आखलेली असते. म्हणून वरच्या मजल्यावर, विशेषतः वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवर, अशी टाकी ठेवण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला आवश्यक ठरतो. जुन्या तुळईला दिवे टांगण्याऐवजी टाकीच्या कडेला किंवा स्टँडला जोडलेली चौकट वापरणे सुरक्षित असते.
* उष्णता : एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचे कमाल तापमान ३८ ते ४० अंश सेल्सियसपर्यंत जाते. बहुतेक प्रवाळांना २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. एलईडीची उष्णता पाण्यात न जाता वरच्या बाजूने हवेत जाते, त्यामुळे शीतकावरील ताण कमी होतो. दिव्यावर बंद झाकण ठेवल्यास हा फायदा नाहीसा होतो. उन्हाळ्यात दिव्यांची वेळ संध्याकाळ व रात्रीकडे सरकविणे हा बिनखर्ची उपाय आहे.
* विद्युत सुरक्षा : खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. जुन्या घरांतील वायरिंगमध्ये भूसंपर्क तपासून घेणे, ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसविणे आणि प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोळ देणे अत्यावश्यक आहे. वायरीवरून ओघळणारे पाणी त्या झोळातून खाली गळते आणि सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. एलईडी चालक भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येतात, म्हणून त्यावर नोंदणी क्रमांक आहे का हे पाहावे.
* वीज खंडित होणे : काही तास अंधार झाल्याने प्रवाळांचे नुकसान होत नाही; पाण्याचा प्रवाह थांबून प्राणवायू घटल्याने होते. त्यामुळे इन्व्हर्टरवर दिवे नव्हे, तर पंप जोडला जातो.
* सुटे भाग : शेजारच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली विद्युत साहित्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. पंखे, टायमर, स्विच आणि वायरी यांसारखे भाग तेथे मिळत असल्याने दुरुस्त करता येण्याजोगा साधा दिवा या भागातील छंदिकाला सोयीचा ठरतो.

## प्रकाशाची सवय लावणे

नवा दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण क्षमतेने लावणे हे प्रवाळ मरण्याचे एक नेहमीचे कारण आहे. प्रकाश अचानक वाढल्यास झूझँथेलीत हानिकारक ऑक्सिजन संयुगे तयार होतात. प्रवाळ शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. म्हणून सुरुवात ३० ते ४० टक्के तीव्रतेने करून ती तीन ते सहा आठवड्यांत हळूहळू वाढवितात. रोजचा मुख्य प्रकाशकाल आठ ते दहा तासांचा असतो. त्याहून अधिक वेळ दिवा लावल्याने प्रवाळांऐवजी काचेवरील व खडकावरील शैवाल वाढते.

प्रवाळ तपकिरी होऊन प्रकाशाकडे ताणले जाऊ लागल्यास प्रकाश कमी पडत असण्याची शक्यता असते. वरून फिके पडणे किंवा पॉलिप मिटून घेणे हे अतिप्रकाशाचे लक्षण असू शकते. मात्र पाण्यातील पोषकद्रव्ये, क्षारता आणि तापमान यांतील बदलांमुळेही अशीच लक्षणे दिसतात. त्यामुळे दिव्यात बदल करण्यापूर्वी पाणी तपासले जाते आणि एका वेळी एकच बदल केला जातो.

## महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील प्रवाळ

महाराष्ट्रात प्रवाळ पाहण्यासाठी मत्स्यालय हाच एक मार्ग नाही. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, प्रवाळ आढळतात. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर असलेली बुडित पठारभूमी प्रवाळांनी समृद्ध आहे. मालवणच्या गढूळ किनारी पाण्यात प्रवाळ मंद प्रकाशात तग धरतात, तर आंग्रिया बँकेवर पाणी स्वच्छ असल्याने वीस मीटरहून अधिक खोलीवरही पुरेसा प्रकाश पोहोचतो. प्रकाशाची गरज प्रजातीप्रमाणे व अधिवासाप्रमाणे बदलते, हे या दोन ठिकाणांवरून दिसून येते.

मुंबईच्या किनारी रस्ता प्रकल्पात वरळी व हाजी अली येथील प्रवाळ वसाहती हलविण्यासाठी २०२० मध्ये वनविभागाची परवानगी घ्यावी लागली होती. सार्वजनिक प्रकल्पालाही लागू होणारे हे संरक्षण घरगुती मत्स्यालयालाही तितकेच लागू आहे.

## हे सुद्धा पहा

* प्रवाळ
* प्रवाळांचे विरंजन
* प्रकाश-उत्सर्जक डायोड
* मालवण सागरी अभयारण्य
* आंग्रिया बँक
* वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२
* सदाशिव पेठ